तांब्या, घागर आणि हौद

मे महिन्यातली दुपार, साडेबाराची वेळ. कारखान्याच्या पत्र्यावर सोलर पॅनेलं ओळीने मांडलेली आणि ऊन असं की पत्र्याला हात लावता येऊ नये. तेवढ्यात लाइट जाते. खाली पंखे थांबतात, मशीन थांबतं, आणि त्याच क्षणी वरची पॅनेलंही काम थांबवतात. पैसे घालून ती बसवणारा मालक हे पहिल्यांदा बघतो तेव्हा पुरवठादाराला फोन लावतो आणि विचारतो, डोक्यावर सूर्य असताना माझी वीज गेली कुठे?

खरं तर बिघाड काहीच झालेला नसतो. ग्रिडला जोडायचा साधा सोलर इन्व्हर्टर तसाच घडवलेला असतो. ग्रिडमधली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. त्या ठेक्याला ठेका लावून हा इन्व्हर्टर आपली वीज तारेत सोडतो आणि ठेका ऐकू येईनासा झाला की गप्प बसतो. तो गप्प बसला नाही, तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातली ‘बंद’ तार कुणाच्या तरी छपरावरच्या विजेने जिवंत राहील. म्हणून हा नियम योग्यच आहे.

पण यातून एक गोष्ट लक्षात येते. ग्रिडशिवाय चालायचं असेल तर नुसती वीज तयार करून भागत नाही. ठेका धरणारं कुणीतरी लागतं, आणि मागणी व पुरवठा यांचं गणित क्षणोक्षणी जुळवणारी शिल्लक लागते. आपली वीज, आपले ग्राहक, आपली शिल्लक आणि आपला ठेका असलेलं, गरज पडली तर मोठ्या ग्रिडपासून सुटून चालणारं छोटं जाळं म्हणजे मायक्रोग्रिड. या लेखाचा विषय त्यातली शिल्लक आहे. ती एकाच भांड्यात का ठेवत नाहीत, आणि कधी एकाच भांड्यात ठेवणं शहाणपणाचं असतं, ते पाहू.

त्यासाठी मी मंडीदीपला येतो. भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या रुळांवर, रायसेन जिल्ह्यात हे औद्योगिक गाव आहे. औषधं, ट्रॅक्टर, सूत, ट्रान्सफॉर्मर असं बरंच काही इथे बनतं. (याच भागातून आगगाडीने जाताना १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांना खिडकीतून वेगळेच खडक दिसले आणि भीमबेटका जगाला कळलं. मराठी माणसाने मंडीदीपचं नाव घेतल्यावर हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.) याच जिल्ह्यातल्या सांचीला सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सोलर सिटी’ म्हणून जाहीर केलं गेलं, आणि जवळच्या नागौरीला ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. पण ग्रिडला जोडलेल्या अशा प्रकल्पाची साठवण म्हणजे खुद्द ग्रिड. दिवसा दिलं, रात्री घेतलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सौरग्राम’ म्हणून जाहीर झालेल्या गुजरातच्या मोढेरा गावाची गोष्ट वेगळी. तिथे ६ मेगावॅटच्या पॅनेलांसोबत १५ मेगावॅट-तासांची, म्हणजे १५,००० युनिटांची बॅटरी आहे. शिल्लक गावाच्या हाताशी आहे.

मंडीदीपला येण्याचं आणखी एक कारण आहे, ते काळ्या रंगाचं. त्याकडे नंतर वळू.

आता मंडीदीपमधलं एक वर्कशॉप समजा. खरंखुरं नव्हे, हिशेबापुरतं. त्याच्या पत्र्यावर १५० किलोवॅटची पॅनेलं आहेत. आपल्याकडे ढोबळमानाने एक किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटं धरतात, म्हणजे सरासरी ६०० युनिटं. सकाळी आठ ते रात्री आठ ३० किलोवॅटचा स्थिर लोड आहे. शिवाय वेल्डिंगचं एक मोठं मशीन आहे. ते दर अर्ध्या मिनिटाला दोन सेकंद ६० किलोवॅट ओढतं आणि मग स्वस्थ बसतं. रात्रभर चालणारी एक थंड खोली आहे, १० किलोवॅटची. सगळं मिळून रोजचा खप साडेपाचशे युनिटांच्या आत-बाहेर. कागदावर सूर्य पुरतो. अडचण वेळेची आहे.

आणि ती वेळ तीन जातींची आहे. वेल्डिंगचा झटका दोन सेकंदांचा. ढगाची सावली पाच-दहा मिनिटांची. रात्र बारा तासांची.

जुन्या घरात पाणी कसं ठेवलेलं असायचं ते आठवा. प्यायला तांब्या हाताशी, स्वयंपाकघरात घागर, मागीलदारी हौद. पाणी तेच, पण तहान लागल्यावर कुणी हौदावर जात नसे आणि आंघोळीला तांब्या पुरत नसे. वीज साठवण्याच्या साधनांचंही असंच आहे. किती मावतं हा एक गुण, किती वेगाने ओतता येतं हा दुसरा, आणि किती वेळा भरून रिकामं केलं तरी भांडं टिकतं हा तिसरा. तिन्ही एकाच भांड्यात मिळत नाहीत.

तांब्यापासून सुरुवात करू. सुपरकपॅसिटरमध्ये रासायनिक बदल जवळजवळ होतच नाही. अतिशय सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर विद्युतभार नुसता येऊन चिकटतो, आणि सोडला की निघून जातो. म्हणून भरणं-रिकामं होणं सेकंदांत होतं आणि दहा लाख फेऱ्यांपर्यंत त्याचं फारसं काही बिघडत नाही. पण मावतं किती? बाजारात ३,००० फॅरडचा, २.७ व्होल्टचा, साधारण अर्ध्या किलोचा सेल मिळतो. ऊर्जा म्हणजे फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं सुमारे ११,००० ज्यूल, म्हणजे ३ वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी दिवा वीस मिनिटं जळेल, बस्स. तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलमध्ये याच्या वीसपटीहून जास्त ऊर्जा मावते.

आता वेल्डिंगचा झटका मोजू. ६० किलोवॅट गुणिले २ सेकंद म्हणजे १२० किलोज्यूल, ३३ वॅट-तास. दिसायला राक्षसी, प्रत्यक्षात एवढासा! व्होल्टेज निम्म्यापर्यंत उतरवलं की सुपरकपॅसिटरमधली पाऊण ऊर्जा बाहेर येते. त्या हिशेबाने पंधरा सेल पुरतील. पण पंधरा सेलांची माळ जेमतेम ४० व्होल्टची, आणि तिच्यातून ६० किलोवॅट काढायचे तर दीड हजार अँपिअर वाहायला हवेत. मनगटाएवढ्या केबल लागतील. म्हणून १८ सेलांचे ४८ व्होल्टचे तयार पेटारे मिळतात, तसे सहा एकापुढे एक जोडायचे: १०८ सेल, २८८ व्होल्ट, आवाक्यातला प्रवाह. साठा मग गरजेच्या दसपट होतो. सुपरकपॅसिटरच्या बाबतीत हे नेहमीचंच. किती सेल लागतात ते ऊर्जा क्वचितच ठरवते, व्होल्टेज आणि प्रवाहच ठरवतात.

तांब्याचा दुसरा प्रकार आपल्या जास्त ओळखीचा आहे. डिझेल इंजिनावर चालणारी गावची पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना इंजिनाचं भलंमोठं बिडाचं चाक आठवेल. ‘पुक-पुक’ आवाजातला प्रत्येक ‘पुक’ म्हणजे एक धक्का. दोन धक्क्यांच्या मध्ये जातं अडखळत नसे, कारण फिरणाऱ्या चाकात ऊर्जा जमा असायची. ते फ्लायव्हील. आजची फ्लायव्हीलं निर्वात पेटीत मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरतात, पण तत्त्व गिरणीचंच. वर्कशॉपमधल्या पॉवर प्रेसलाही असं चाक असतं, म्हणून छोट्या मोटरवर मोठा ठोका बसतो. म्हणजे साठवणुकीची साधनं मिसळून वापरणं आपल्या कारागिरांना नवं नाही, फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं.

घागर म्हणजे लिथियम बॅटरी. मायक्रोग्रिडसाठी आज बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेट वापरतात. मोबाइलमधल्या प्रकारापेक्षा ती वजनाला जड पण स्वभावाने शांत. काही हजार फेऱ्या टिकते, आणि दिलेल्या शंभर युनिटांतली पंचाऐंशी-नव्वद परत देते. तिच्या ऋण बाजूला ग्रॅफाइटचे थर असतात, आणि चार्ज होताना लिथियमचे आयन त्या थरांमध्ये जाऊन बसतात. पुस्तकाच्या पानांमध्ये पिंपळाची पानं ठेवावीत तसे. फार घाईने कोंबले, किंवा थंडीत कोंबले, तर काही आत न जाता वरच साचतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. फार घाईने काढून घेतलं तर सेल तापतात. घागरीच्या तोंडाला मर्यादा असते ती अशी.

हौदाची कल्पना सगळ्यात गमतीची आहे. व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत दोन टाक्या असतात, दोन्हीत सल्फ्युरिक आम्लात विरघळलेलं व्हॅनेडियम. हा धातू चार वेगवेगळ्या विद्युतभार-अवस्थांत राहू शकतो. एका टाकीत त्यातल्या दोन, दुसरीत उरलेल्या दोन. पंप दोन्ही द्रव मधल्या सेलांच्या थप्पीतून फिरवतात, तिथे पातळ पडद्याच्या दोन बाजूंना कार्बनच्या तंतूंच्या जाड नमद्यावर इलेक्ट्रॉनची देवघेव होते. किलोवॅट किती हे थप्पीवर ठरतं, युनिटं किती हे टाकीवर. बारा तासांऐवजी अठरा तास हवेत? टाकी मोठी करा, थप्पी तीच राहू दे. इतर बॅटऱ्यांत ही सोय नाही. द्रवात मुख्यतः पाणी असल्याने तो पेटत नाही, आणि दोन्ही बाजूंना एकच धातू असल्याने थोडी सरमिसळ झाली तरी ती दुरुस्त करता येते. उणी बाजू अशी की जागा खूप लागते, पंप वीज खातात, आणि शंभर युनिटांतली सत्तरच्या आसपासच परत येतात.

हौदापलीकडे धरणं आहेत. नगरच्या अकोले तालुक्यातून ठाण्याच्या शहापूरकडे पाणी सोडून वीज करायची आणि वीज स्वस्त असेल तेव्हा ते परत वर चढवायचं, असा २५० मेगावॅटचा घाटघर प्रकल्प २००८ पासून आपल्याकडे आहे. पण मंडीदीपच्या वर्कशॉपमागे सह्याद्री नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

आता काळ्या रंगाचं ते कारण. सुपरकपॅसिटरमध्ये सच्छिद्र कार्बन, लिथियम बॅटरीत ग्रॅफाइट (दर युनिट क्षमतेमागे साधारण किलोभर), फ्लो बॅटरीत कार्बनचा नमदा आणि ग्रॅफाइटयुक्त पट्ट्या. तिन्ही भांड्यांना आतून कार्बनचाच लेप! आणि मंडीदीपमध्ये १९७७ पासून एचईजी ही कंपनी ग्रॅफाइट इलेक्ट्रोड बनवते आहे, वर्षाला एक लाख टन क्षमतेपर्यंत. हे इलेक्ट्रोड पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्यांत जातात, बॅटरीत नाही. ते करताना कार्बन ३,००० अंशांच्या जवळपास तापवावा लागतो, तोही विजेनेच, म्हणून कंपनीने तवा धरणावर १३.५ मेगावॅटचं स्वतःचं जलविद्युत केंद्र चालवलं. याच कंपनीच्या टॅक या उपकंपनीने बॅटरीच्या ग्रॅफाइटचा कारखाना देवास जिल्ह्यात हाती घेतला आहे, आणि याच उद्योगसमूहातली रिप्लस पुण्यात बॅटरी साठवणुकीच्या यंत्रणा जुळवते. भांड्यांचा कच्चा माल या पट्ट्यात असा घरचाच होत चालला आहे.

भांडी झाली. ती जोडायची कशी?

पहिला विचार सोपा वाटतो: बॅटरी आणि सुपरकपॅसिटर एकाच तारेला समांतर जोडून टाकू. पण लिथियम-आयर्न-फॉस्फेटचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं, आणि सुपरकपॅसिटर रिकामा होतो तो व्होल्टेज उतरूनच. बॅटरीने व्होल्टेज धरून ठेवलं की सुपरकपॅसिटरला उतरायला वावच मिळत नाही. तांब्या घागरीत बुडवून ठेवण्यासारखं हे, दोघांची पातळी एकच. म्हणून दोघांच्या मध्ये एक दुतर्फा कन्व्हर्टर घालतात. तो एका बाजूचं व्होल्टेज बदलत असताना दुसऱ्या बाजूचं स्थिर ठेवतो आणि वीज हवी त्या दिशेने ढकलतो. खर्च वाढतो, पण तांब्या तांब्यासारखा वापरता येतो.

मग काम वाटून द्यायचं. रीत ऐकायला फार साधी आहे. मागच्या अर्ध्या मिनिटातल्या मागणीची सरासरी काढत राहायची. सरासरी बॅटरीने द्यायची आणि प्रत्यक्ष मागणी व सरासरी यांतला फरक सुपरकपॅसिटरने. आपल्या वेल्डिंग मशीनची सरासरी येते ४ किलोवॅट. झटका येतो तेव्हा बॅटरी ४ देते, सुपरकपॅसिटर ५६. झटका संपला की उरलेली २८ सेकंदं बॅटरी तेच ४ देत राहते, आणि ते सुपरकपॅसिटरमध्ये जमा होतात. ५६ गुणिले २ म्हणजे ११२ आणि ४ गुणिले २८ म्हणजे ११२. हिशेब चोख बसला, आणि झटका आला होता हे बॅटरीला कळलंसुद्धा नाही.

प्रत्यक्षात कन्व्हर्टर थोडी वीज खातो, म्हणून तांब्या हळूहळू रिता होत जातो. त्याला अधूनमधून बेताने भरून घ्यावं लागतं, पण काठोकाठ भरायचा नाही. क्रेनने ओझं खाली सोडताना मोटर उलट वीज देते. ती झेलायला रिकामी जागा हवी. म्हणून तो मध्यावर ठेवतात. घागरीचंही तसंच. सकाळी दहाला बॅटरी पूर्ण भरलेली असली तर दुपारच्या उन्हाचं करायचं काय?

हे सारं तीन मजल्यांवर चालतं. सगळ्यात खालच्या मजल्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागात कन्व्हर्टर प्रवाह सावरतात. मधल्या मजल्यावर अनेक साधनं एकमेकांशी न बोलता भार वाटून घेतात. ठेका पन्नासच्या किंचित खाली गेला की प्रत्येकाने ठरलेल्या प्रमाणात जोर वाढवायचा, वर गेला की कमी करायचा. पालखीच्या भोयांसारखं, खांद्यावरचं वजनच सांगतं, बोलावं लागत नाही. वरच्या मजल्यावर बसलेला संगणक तास-दोन तासांचा विचार करतो: हवामान काय म्हणतंय, संध्याकाळी किती लागेल, आत्ता ग्रिडकडून घेणं परवडेल का? त्या शेवटच्या प्रश्नाला अलीकडे वजन आलं आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायचे होते. उन्हाच्या तासांत निदान २० टक्के स्वस्त, गर्दीच्या तासांत निदान १.२ पट. दुपारचं युनिट संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याला त्यामुळे किंमत आली.

आणि लाइट गेल्याचा तो क्षण? एका इन्व्हर्टरला ग्रिड गेल्याक्षणी स्वतः ठेका धरायला शिकवलेलं असतं. मोठ्या ग्रिडमध्ये ठेका सांभाळतात ती वीजकेंद्रांची अवजड फिरती जनित्रं. गिरणीचं चाक, फक्त शेकडो टनांचं. मायक्रोग्रिडमध्ये तसं काही फिरत नसतं. तिथे बॅटरी, सुपरकपॅसिटर आणि इन्व्हर्टरचा प्रोग्राम मिळून चाकाचं सोंग घेतात. आधी बाहेरचा स्विच उघडायचा, म्हणजे लाइनमन सुरक्षित. मग आतला ठेका पुढे चालू. तो ऐकू आला की छपरावरची पॅनेलं परत कामाला लागतात.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. अलास्कातल्या कोडिअॅक बेटावर जलविद्युत होती आणि ९ मेगावॅटच्या पवनचक्क्या होत्या. वारा पडला तर जलविद्युत सावरेपर्यंत मधली वेळ काढायला ३ मेगावॅटची बॅटरी बसवलेली होती. मग बंदराला नवी विजेवरची क्रेन हवी झाली. जहाजावरचा कंटेनर उचलताना क्रेन एकदम वीज ओढते, खाली सोडताना परत देते, दिवसभर तेच. हे झटके बॅटरीला खाऊन टाकतील हे ओळखून २०१५ मध्ये तिथे एक-एक मेगावॅटची दोन फ्लायव्हीलं बसवली. क्रेनचे झटके चाकांनी घ्यायचे, वाऱ्याची उणीव बॅटरीने, आणि बाकी सगळं धरणाने. तांब्या, घागर, हौद.

ऑस्ट्रेलियाच्या किंग बेटाची गोष्ट तितकी सरळ नाही. २००३ साली तिथे व्हॅनेडियम फ्लो बॅटरी आली, पण ती फार काळ चालली नाही. पुढे प्रगत शिसं-आम्ल बॅटरी आणि फ्लायव्हील अशी जोडी बसली, आणि अनुकूल वाऱ्यात डिझेल जनित्र पूर्ण बंद ठेवून बेट चालू लागलं.

आता मंडीदीपची हवा. मे महिन्यात भोपाळकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. व्हॅनेडियमच्या द्रवाची अडचण नेमकी चाळीस अंशांच्या पुढे सुरू होते. भरलेल्या धन टाकीतलं व्हॅनेडियम साक्यासारखं खाली बसू लागतं. लिथियमचं आयुष्यही उष्णतेत झपाट्याने घटतं. तिला पंचवीसच्या आसपास बरं वाटतं. म्हणजे एसी आला, आणि एसीची वीज आली. माहितीपत्रकातली फेऱ्यांची संख्या वाचताना ती किती अंशांना मोजली हे आधी बघावं. सुपरकपॅसिटरला चाळीसचं काही वाटत नाही, पण तोही साठच्या आत राहिलेला बरा.

आणि ढग. जुलैत ११० किलोवॅट देणारी पॅनेलं काळ्या ढगाखाली मिनिटभरात २० वर येतात. वर्कशॉपचा लोड ३४. म्हणजे ७६ किलोवॅटने भरत असलेल्या बॅटरीला मिनिटभरात उलटून १४ किलोवॅट द्यायला लागायचं. पाच मिनिटांच्या ढगात जातं ते जेमतेम सव्वा युनिट. इथेही भांडं मोठं नको, तोंड रुंद हवं.

हा हिशेब मांडताना माझंच मत थोडं बदललं. दुपारचं ऊन झेलायला आपल्या बॅटरीचा कन्व्हर्टर ७६ किलोवॅटचा लागणारच आहे. वेल्डिंगच्या झटक्यासह सगळा लोड जातो ९० वर. म्हणजे थोडा मोठा, शंभरचा कन्व्हर्टर घेतला तर लिथियम बॅटरी तो झटका स्वतःच पचवते. सुपरकपॅसिटरचे १०८ सेल, त्यांचा कन्व्हर्टर, त्याचा प्रोग्राम आणि तो दुरुस्त करणारा माणूस, हे सगळं वाचतं. जुन्या शिसं-आम्ल बॅटऱ्यांच्या काळात उत्तर वेगळं आलं असतं, कारण त्यांना झटके आणि अर्धवट भरलेलं राहणं दोन्ही सोसत नाही. साठवणुकीची साधनं एकत्र करण्यावरच्या कितीतरी लिखाणामागे तोच काळ आहे. क्रेन मेगावॅटची आणि जाळं बेटाएवढं असेल तर फ्लायव्हील फिटतं. आपल्या वर्कशॉपला नाही.

रात्रीच्या थंड खोलीसाठी तर वीज साठवायचीच कशाला? थंडी साठवावी. दिवसा उन्हाच्या विजेवर बर्फ किंवा गोठणारा द्रव तयार करून ठेवला की रात्री त्यावर खोली थंड राहते आणि कंप्रेसर क्वचित लागतो. पुण्याच्या इकोझेन कंपनीच्या शेतमालाच्या सौर शीतखोल्या याच तत्त्वाचा आधार घेतात. हे भांडं सगळ्यात स्वस्त, आणि साठवणुकीच्या चर्चेत सगळ्यात उपेक्षित.

साधेपणाचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. बिहारमधल्या धरनई गावात जुलै २०१४ मध्ये १०० किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड मोठ्या गाजावाजात सुरू झालं. पुढे स्वस्त दराची ग्रिड गावात पोचली, बॅटऱ्या थकल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत. काही वर्षांनी त्या आवारात गुरं बांधलेली दिसली. तंत्र चुकलं नव्हतं. बॅटरी ठराविक वर्षांनी मरते आणि तिच्या बदलीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला टाकावे लागतात. तीन प्रकारची साधनं म्हणजे तीन वेगळी आयुष्यं, तीन वेगळ्या बदल्या.

तेव्हा हे वर्कशॉप माझं असतं तर मी आधी महिनाभर दर सेकंदाच्या लोडची नोंद ठेवणारा मीटर लावला असता. झटके किती उंच आणि किती लांब आहेत ते अंदाजाने ठरवू नये. मग मोठ्या मोटरींना सॉफ्ट स्टार्टर, थंड खोलीला बर्फाची टाकी, शे-सव्वाशे युनिटांची लिथियम बॅटरी एसीच्या खोलीत, आणि स्वतः ठेका धरू शकणारा शंभर किलोवॅटचा इन्व्हर्टर. सुपरकपॅसिटर नाही. व्हॅनेडियमही आज नाही, पण त्याच्या टाक्यांपुरती जागा शेडच्या उत्तर बाजूला, सावलीत, मोकळी ठेवली असती.